साठ हजारांवर व्याज अकराच हजार?

प्रश्न : नमस्कार ताई. आमची तारकर्लीला घरगुती खानावळ आहे. पर्यटकांच्या हंगामात चार पैसे सुटतात, ते हातचे जाऊ नयेत म्हणून पोस्टात महिना हजार रुपयांची आरडी काढायची ठरवली. एजंट बाईंनी तक्ता दाखवला : दर ६.७ टक्के, तिमाही चक्रवाढ, पाच वर्षांनी ७१,३६६ रुपये. माझी लेक बारावी कॉमर्सला आहे. तिने मोबाइलवर चक्रवाढीचं सूत्र लावलं तर ८३,६४४ आले. आमच्या ह्यांनी तिसरंच काढलं. साठ हजारांवर ११,३६६ व्याज, भागिले पाच वर्षं, म्हणजे वर्षाला जेमतेम ३.८ टक्के! ‘मधले बारा हजार खंय गेले?’ म्हणून ते एजंट बाईंकडे संशयाने बघतात, आणि भिशीच बरी म्हणतात. खरं कोणाचं?

— एक वाचक, तारकर्ली

उत्तर : तक्ता खरा आहे. एजंट बाईंना चहा द्या आणि संशय काढून टाका. महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या एजंटांचं कमिशन सरकार वेगळं देतं, ते तुमच्या व्याजातून कापलं जात नाही. मी पोस्टाच्या खिडकीमागे नोकरी केली. हा प्रश्न तिथे मुदत संपलेलं पासबुक हातात आलं की हमखास यायचा. तुम्ही तो खातं काढायच्या आधी विचारलात, हे फार चांगलं केलंत.

लेकीचं सूत्र बरोबर आहे, पण ते लागलंय भलत्या ठिकाणी. ८३,६४४ हा आकडा कधी येईल? तुम्ही आज साठ हजारांची गड्डी काउंटरवर ठेवलीत आणि पाच वर्षं तिला हात लावला नाहीत तर. तुम्ही तर आज हजारच ठेवणार. पुढच्या महिन्याचे हजार अजून तुमच्या गिऱ्हाइकाच्या खिशात आहेत. शेवटचा, साठावा हप्ता पोस्टात फक्त एक महिना राहणार. त्याने पाच वर्षांचं व्याज का म्हणून आणावं?

आंब्याच्या काढणीला गडी लावलेत तर मजुरी कशी देता? पहिला गडी साठ दिवस आला, दुसरा एकोणसाठ, तिसरा अठ्ठावन्न आणि शेवटचा एकच दिवस, तर साठही जणांना साठ-साठ दिवसांची मजुरी कोणी देत नाही. हजेरी मांडून सगळ्यांचे दिवस एकत्र करतात. इथेही हजेरीच मांडायची, फक्त दिवसांऐवजी महिने. पहिल्या हजाराचे साठ महिने, दुसऱ्याचे एकोणसाठ, असं करत शेवटच्याचा एक. साठ गुणिले एकसष्ट भागिले दोन, बेरीज आली १,८३०. म्हणजे तुमच्या सगळ्या हप्त्यांचं मिळून काम झालं ते १,८३० महिने एक हजार रुपये ठेवल्याइतकं.

हजार रुपयांचं एका महिन्याचं व्याज ६.७ टक्क्यांनी ५ रुपये ५८ पैसे आणि वर थोडं. १,८३० ने गुणलं की १०,२१७ रुपये होतात. हे झालं सरळव्याज. पोस्ट देतं ११,३६६. वरचे साधारण ११५० रुपये ही चक्रवाढीची कमाई. आहे एवढीच आहे, आणि पाच वर्षांच्या हप्त्यांत एवढीच असते. चक्रवाढीची जादू सांगणारे लोक नेहमी वीस-तीस वर्षांची उदाहरणं देतात ती याचसाठी. पण एक लक्षात ठेवा. काही पतसंस्था हप्त्यांच्या ठेवीवर सरळव्याजच देतात, तेव्हा दराच्या जोडीला चक्रवाढ आहे की नाही हेही विचारायचं.

आता तुमच्या ह्यांचे ३.८ टक्के. त्यांनी भागाकार बिनचूक केला, पण पाचाने भागलं तिथे गणित बिघडलं. साठ हजार रुपये पाच वर्षं पोस्टात होतेच कुठे? १,८३० भागिले ६०, म्हणजे एकेक हजार सरासरी साडेतीस महिने राहिला. अडीच वर्षं आणि पंधरा दिवस. ११,३६६ म्हणजे साठ हजारांचे १८.९४ टक्के. त्याला ५ ऐवजी २.५४ ने भागा, ७.४५ येतात. ६.७ पेक्षा जास्तच आले ना? तो वरचा भाग व्याजावरच्या व्याजाचा.

आता तक्ता बाजूला ठेवून हिशोब घरीच करून बघा. मोबाइलच नको, खानावळीतल्या गल्ल्याजवळचा साधा कॅल्क्युलेटर चालेल. पोस्टाच्या आरडीत व्याज दर तीन महिन्यांनी मुद्दलात मिळतं, म्हणून तीन-तीन महिन्यांचा एक टप्पा धरायचा. एका तिमाहीत तीन हप्ते. पहिला तीन महिने राहतो, दुसरा दोन, तिसरा एक, म्हणजे सहा महिन्यांचं हजारावरचं व्याज : ३३ रुपये ५० पैसे. पहिल्या तिमाहीअखेर जमा ३,०३३.५०.

पुढच्या प्रत्येक तिमाहीला दोनच गोष्टी करायच्या. मागच्या जमेला १.०१६७५ ने गुणायचं (६.७ चा चौथा भाग १.६७५, तो टक्क्यांत) आणि नव्या तीन हप्त्यांचे ३,०३३.५० मिळवायचे. दुसऱ्या तिमाहीअखेर ६,११७.८१. तिसरीला ९,२५३.७८. चौथीला, म्हणजे वर्ष संपताना, १२,४४२. असं वीस वेळा केलंत की ७१,३६७ येतील. पोस्टाच्या आकड्यापेक्षा एक रुपया जास्त, कारण आपण तिमाहीच्या आतलं व्याज सरळ धरलं. त्या एका रुपयासाठी पोस्टमास्तरांशी भांडू नका.

लेकीला परीक्षेसाठी सूत्रच हवं असेल तर तेही देते. तिमाही दर ‘द’ धरा, इथे ०.०१६७५. (१ + द) चा विसावा घात काढून त्यातून एक वजा करा. त्याला ‘१ वजा, (१ + द) चा उणे एक-तृतीयांश घात’ या संख्येने भागा. आलेल्या उत्तराला हप्त्याने गुणा. वर ०.३९४०६७, खाली ०.००५५२१८, भागाकार ७१.३६६. हजाराने गुणलं की तुमचा तक्ता. बँकांच्या तिमाही चक्रवाढीच्या आरडीलाही हेच सूत्र चालतं, फक्त दर आणि तिमाह्यांची संख्या बदलायची.

आणि ही ओळ ह्यांना मुद्दाम वाचून दाखवा. पहिल्या वर्षात व्याज येतं ४४२ रुपये. दुसऱ्यात १,२९७, तिसऱ्यात २,२१०, चौथ्यात ३,१८७ आणि पाचव्यात ४,२३०. पहिल्या वर्षाचं पासबुक बघून ‘एवढ्यासाठी का लाईन लावायची’ म्हणणारे खूप भेटतात. पाचव्या वर्षाच्या एकट्या व्याजात चार हप्ते निघतात.

भिशीबद्दल माझं वाकडं काही नाही. गौरी-गणपतीला एकरकमी पैसे मिळतात, चार बायका एकत्र बसतात, चांगलंच आहे. पण भिशीत व्याज नसतं. ज्याचा नंबर शेवटी लागतो तो बाकीच्यांना बिनव्याजी पैसे वापरायला देतो, एवढं समजून लावा.

दराचं सांगायचं तर, ६.७ हा दर ऑक्टोबर २०२३ पासूनचा. सरकार दर तिमाहीला आढावा घेतं, पण खातं काढाल त्या दिवशीचा दर तुमच्या खात्याला पूर्ण पाच वर्षं राहतो. हप्ता शंभरापासून, पुढे दहाच्या पटीत. महिन्याच्या १५ तारखेपर्यंत खातं काढलंत तर दर महिन्याचा हप्ता १५ च्या आत भरायचा. नंतर काढलंत तर महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसापर्यंत.

प्रश्न : माझा मालवणात यांत्रिक होडीवर भागीदारीत धंदा आहे. पोस्टात महिना दोन हजारांची आरडी चालू आहे. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा हातात पैसा नसतो आणि दर वर्षी ते दोन हप्ते राहतात. मग ऑगस्टमध्ये दंडासकट भरतो. मे अखेरीला भागीदारांचा हिशोब होतो तेव्हा पैसे असतात, पण ते जाळी आणि डागडुजीत जातात. यावर उपाय काय? शिवाय एकदा पैशाची फार नड पडली तर खातं मोडलेलं परवडेल का?

— एक मच्छीमार, मालवण

उत्तर : दंड म्हणायला छोटा आहे, शंभराला महिन्याला एक रुपया. तुमच्या हप्त्याला वीस. पण शंभराला महिना एक म्हणजे वर्षाला बारा टक्के झाले, आणि पोस्ट तुम्हाला देतंय ६.७. घ्यायचा दर द्यायच्या दराच्या पावणेदोन पट. वर ओळीने चार हप्ते राहिले तर खातं खंडित होतं, आणि चौथ्या चुकीपासून दोन महिन्यांत पुन्हा सुरू केलं नाही तर पुढे हप्ते भरताच येत नाहीत. जून-जुलै राहिले, ऑगस्टात वारा सुटला म्हणून होडी बाहेर पडली नाही, सप्टेंबरात गणपती आले, की चार झालेच.

यावरची सोय पोस्टाच्या नियमातच आहे, आणि तुमच्यासारख्यांना ती कोणी सांगत नाही याचं मला नवल वाटतं. हप्ते आगाऊ भरले तर सूट मिळते. चालू महिना धरून निदान सहा हप्ते एकदम भरले तर शंभराच्या हप्त्याला दहा रुपये, बारा एकदम भरले तर चाळीस रुपये. मे महिन्यात हिशोब झाला की मे ते ऑक्टोबरचे सहा हप्ते एकदम भरा. बारा हजार होतात, सूट दोनशे, भरायचे ११,८००. जून-जुलैची काळजी गेलीच, आणि नारळी पौर्णिमेनंतर समुद्र खुला झाला तरी दोन-तीन महिने पोस्टाकडे बघायला नको.

ही सूट फायद्याची आहे का, तेही हजेरी मांडून बघू. सहा हप्त्यांतला पहिला वेळेवरच आहे, दुसरा एक महिना आधी भरला, तिसरा दोन, शेवटचा पाच. एकूण पंधरा महिने दोन हजार रुपये आधी दिले. ६.७ ने त्याचं व्याज होतं १६७ रुपये ५० पैसे. पोस्ट सूट देतंय दोनशे, म्हणजे तुमच्या आरडीच्या दरापेक्षाही बरा भाव. आंबा-काजूवाल्यांनीही हे टिपून ठेवावं. देवगडकडच्या बागायतदाराचा पैसा एप्रिल-मेमध्ये येतो आणि मग वर्षभर नाही, त्याने बारा हप्ते एकदम भरले तर दोन हजारांच्या हप्त्याला आठशे रुपये सुटतात. तिथे आगाऊ महिन्यांची बेरीज सहासष्ट, व्याज ७३७. तरीही सूट जास्तच.

जाळ्यांचे पैसे आधी की हप्ते आधी, हे मी सांगणार नाही. जाळं फाटकं असेल तर ऑगस्टात मासा मिळणार नाही, तेव्हा जाळं आधी. पण सहा हप्ते झेपत नसतील तर पुढचं खातं हजाराचं काढा आणि ते असं भरा. दोन हजारांचं खातं दंड भरत चालवण्यापेक्षा ते बरं.

खातं मोडायचं म्हणाल तर तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही. नंतर मोडलंत तर व्याज मिळतं ते पोस्टाच्या बचत खात्याच्या दराने, म्हणजे ४ टक्के. मुदत संपायच्या एक दिवस आधी मोडलंत तरी तेच. इथे लोकांचं फार नुकसान होतं. त्यापेक्षा कर्ज काढा. बारा हप्ते भरून वर्ष झालेलं असलं की जमा रकमेच्या निम्म्यापर्यंत मिळतं, व्याज आरडीच्या दरापेक्षा दोन टक्के जास्त, म्हणजे ६.७ वाल्या खात्याला ८.७. खात्यावर तुमचं व्याज चालूच राहतं, त्यामुळे खरा भुर्दंड वरच्या दोन टक्क्यांचाच.

प्रश्न : माझी हजार रुपयांची आरडी २०२२ सालची आहे, दर ५.८. आता दर ६.७ झालाय तर ही मोडून नवी काढू का?

— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : नको. मोडलीत तर ५.८ जाऊन ४ हातात येतील, वरच्या उत्तरात कारण आहे. पूर्ण चालवा, मुदतीअखेर ६९,६९७ मिळतील. ६.७ वाल्यांपेक्षा १,६६९ कमी, पण ते आता गेलेच समजा.

जपायचं ते पुढे. मुदत संपल्यावर खिडकीवर विचारतील, ‘आणखी पाच वर्षं वाढवायची का?’ वाढवलेल्या खात्याला मूळ खात्याचाच दर राहतो. म्हणजे तुमचे ५.८ च. त्या दिवशीचा नवा दर आधी विचारा. तो ५.८ च्या वर असला तर पैसे काढून नवं खातं काढा, खाली गेलेला असला तर वाढवून घ्या.

प्रश्न : वेंगुर्ल्यात राहते. शाळेत जायला-यायला स्कूटर घ्यायची आहे, कर्ज १,२०,००० रुपयांचं, तीन वर्षांसाठी. दुकानातला माणूस ९ टक्के फ्लॅट म्हणतो, आमची बँक ११ टक्के घटत्या शिलकेवर. मी नऊवाल्याला हो म्हणणार होते. माझे सासरे म्हणाले आधी ताईंना विचार.

— एक शिक्षिका, वेंगुर्ला

उत्तर : सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

हे आरडीचंच गणित आहे, फक्त इथे पैसे घेणाऱ्या तुम्ही आहात. फ्लॅट म्हणजे काय, तर पूर्ण १,२०,००० तीनही वर्षं तुमच्याकडेच आहेत असं धरून व्याज लावणं. वर्षाला १०,८००, तीन वर्षांचे ३२,४००. एकूण १,५२,४०० भागिले छत्तीस, हप्ता ४,२३३. पण तुम्ही दर महिन्याला हप्ता देताय! पहिल्याच हप्त्यापासून मुद्दल फिटू लागतं, आणि शेवटच्या महिन्यात तुमच्याकडे त्यांचे चार-सव्वाचार हजारच उरलेले असतात. व्याज मात्र त्या महिन्यालाही १,२०,००० वर लागलेलं. तारकर्लीच्या लेकीने जे चुकून केलं, ते दुकानदार जाणूनबुजून करतो.

मुद्दल दर महिन्याला सारखं फिटतं असं धरलं तर तुमच्याकडे सरासरी ६१,६६७ रुपये असतात. त्यावर वर्षाला १०,८०० म्हणजे साडेसतरा टक्के. समान हप्त्यांच्या कर्जात सुरुवातीला मुद्दल कमी फिटतं, त्यामुळे नेमकं गणित मांडलं की दर थोडा उतरतो : सव्वासोळा टक्के. नऊ ऐकू आले, भराल सव्वासोळा.

बँकेच्या ११ टक्क्यांचा हप्ता येतो ३,९२९. तीन वर्षांत एकूण १,४१,४३१, व्याज २१,४३१. म्हणजे ‘जास्त’ दराच्या कर्जात जवळजवळ अकरा हजार वाचतात, महिन्याला तीनशेच्या वर. स्कूटरच्या पेट्रोलला होतील.

दुकानदाराशी टक्क्यांवर वाद घालत बसू नका, त्यांची पाठांतरं पक्की असतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या अशा कर्जांना बँकेने किंवा वित्त कंपनीने ग्राहकाला मुख्य माहितीचं एक पत्रक द्यावं लागतं, आणि ते ग्राहकाला समजेल अशा भाषेत. त्यात एपीआर म्हणून एक आकडा असतो. व्याज, प्रोसेसिंग फी वगैरे सगळं धरून कर्ज वर्षाला किती टक्क्यांना पडतं, तो हा आकडा. सही करण्याआधी दोन्हीकडून ते पत्रक मागा. बँकेच्या पत्रकावर एपीआर अकराच्या थोडा वर दिसेल, फी मिळवल्यामुळे. दुकानातल्या कर्जाच्या पत्रकावर सोळाच्या खाली दिसला तर मला परत लिहा, आणि पत्रकाची झेरॉक्स सोबत पाठवा.